मसाला लावलेले दाणे आणि काजू कुरकुरीत कसे राहतात

घरी भाजलेल्या मसाला दाण्यांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मसाला दाण्यांना न चिकटता डब्याच्या तळाशी साठतो, दाणे बाहेरून करपतात आणि आतून कच्चट राहतात, किंवा पहिल्या दिवशी कुरकुरीत असलेले काजू तिसऱ्या दिवशी सादळतात. या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी पाणीच असते. एकतर दाण्याच्या आतले पाणी पुरेसे बाहेर गेलेले नसते, किंवा मोठ्या कष्टाने बाहेर काढलेले पाणी लिंबाच्या रसातून, ओल्या लसणातून, मिठातून अथवा हवेतून पुन्हा आत शिरलेले असते. भाजणे हे पाणी घालवण्याचे काम आहे आणि चव लावणे हे ते पाणी परत येऊ न देता करायचे दुसरे, स्वतंत्र काम आहे. ही दोन कामे आपण एकाच कढईत आणि एकाच वेळी उरकू पाहतो, आणि घोटाळा बहुधा तेथेच होतो.

दाण्याच्या आत काय असते येथून सुरुवात करणे बरे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगदाणा हे कडधान्य आहे. बदाम, काजू, अक्रोड यांच्याशी त्याचे नाते स्वयंपाकघरापुरतेच. मात्र भाजण्याच्या दृष्टीने या सर्वांची रचना बरीच सारखी आहे. वाळवलेल्या कच्च्या शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल, सुमारे पाव भाग प्रथिने, थोडे स्टार्च, थोडी साखर आणि साधारण 5 ते 8 टक्के पाणी असते. बदामातही तेलाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, काजूत त्याहून किंचित कमी, तर अक्रोडात सुमारे 65 टक्के. चांगल्या भाजलेल्या दाण्यात पाणी फक्त 1 ते 2 टक्के उरते. म्हणजे ज्याला आपण कुरकुरीतपणा म्हणतो तो या पाच-सहा टक्के पाण्याच्या जाण्यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच नंतर चमचाभर पाणी परत आले तरी तो टिकत नाही.

कढईत दाणे टाकल्यावर पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात याच वेळी सर्वांत महत्त्वाचे काम चालू असते. जोपर्यंत दाण्याच्या गाभ्यात पाणी आहे तोपर्यंत त्या गाभ्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जाऊ शकत नाही, कारण आत पोहोचणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या टप्प्यावर दाण्यांना कच्च्या वालासारखा हिरवट वास येतो आणि कढईवर हात धरल्यास दमटपणा जाणवतो. पाणी उडाल्यावरच दाण्याचे तापमान वर चढते, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले व साखर यांच्यातली ती प्रसिद्ध अभिक्रिया वेगाने होऊ लागते, जिचे वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली केले. पावाचा खरपूस पापुद्रा, भाजलेली कॉफी आणि भाजणीचा वास या सगळ्यांच्या मागे हीच अभिक्रिया आहे. शेंगदाण्याच्या खमंगपणात तिच्यातून तयार होणाऱ्या पायराझीन नावाच्या संयुगांचा वाटा मोठा असतो. आता मोठ्या आचेवर काय होते ते सहज कळेल. बाहेरचा थर झपाट्याने कोरडा होऊन 140 अंश ओलांडतो आणि करपू लागतो, तर गाभ्यातले पाणी अजून उडालेलेच नसते, त्यामुळे तेथे खमंगपणाला सुरुवातही झालेली नसते. मंद आच हा संयमाचा उपदेश नव्हे. आतले पाणी बाहेर यायला लागणाऱ्या वेळेचा तो साधा हिशेब आहे.

पाव किलो शेंगदाण्यांना जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर, सतत हलवत, 12 ते 15 मिनिटे लागतात. ओव्हन असेल तर 160 अंशांवर, दाणे एकाच थरात पसरून आणि मधून दोनदा हलवून, 20 ते 25 मिनिटे. मायक्रोवेव्हमध्येही दाणे चांगले भाजले जातात, मात्र तेथे एकदम पाच मिनिटांचे बटण दाबून निघून जाऊ नये. मिनिटा-मिनिटाने थांबून ते हलवावेत, कारण मायक्रोवेव्हची उष्णता दाण्याच्या आत थेट पोहोचते आणि कधीकधी बाहेरून गोरा दिसणारा दाणा आतून काळा पडलेला निघतो.

दाणे झाले की नाही हे सालीवरून ओळखू नये. साल पातळ असते, लवकर तडकते आणि आतल्या गोष्टीबद्दल काहीच सांगत नाही. एक दाणा काढून चिमटीत चोळावा, साल निघाल्यावर त्याच्या दोन डाळिंब्या वेगळ्या कराव्यात आणि आतला सपाट भाग पाहावा. तो पांढरा व ओलसर चमक असलेला असेल तर दाणा कच्चा आहे. फिकट बिस्किटी रंगाचा आणि मंद दिसत असेल तर आच बंद करण्याची वेळ झाली आहे. आणि तो तांबूस दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला आहे. याचे कारण असे की तेलाने भरलेला दाणा उष्णता धरून ठेवतो आणि कढईतून काढल्यावरही काही मिनिटे आतून भाजला जात राहतो. म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच तो उतरवावा आणि गरम कढईत न ठेवता परातीत पातळ पसरावा. गरम दाणा चावून मऊ लागला म्हणून पुन्हा भाजायला घेण्याची चूक फार सर्रास होते. गरम असताना दाणा मऊच लागतो; कुरकुरीतपणा थंड झाल्यावर येतो.

काजूच्या बाबतीत हा हिशेब थोडा बदलतो. बाजारात कच्चा म्हणून मिळणारा पांढरा काजूगर तसा पूर्ण कच्चा नसतो. कवच फोडण्यासाठी बी आधी वाफवलेली किंवा भाजलेली असते आणि साल काढण्यासाठी गर पुन्हा तापवून सुकवलेला असतो. त्यात पिष्टमय पदार्थ आणि साखर शेंगदाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे आणि वर लाल सालीचे पांघरूण नसल्यामुळे तो लवकर रंग धरतो. ओव्हनमध्ये 150 अंशांवर 10 ते 14 मिनिटे त्याला पुरतात, आणि शेवटची तीन मिनिटे त्याच्याकडे पाठ फिरवणे महागात पडते. काजूच्या पाकिटावर डब्ल्यू-240 किंवा डब्ल्यू-320 असे जे लिहिलेले असते, त्यातला आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात हे सांगतो. त्यामुळे आकडा लहान असेल तितका गर मोठा. भाजण्यासाठी सर्वांत महाग काजू घेण्याची गरज नाही, पण सर्व गर एकाच आकाराचे असणे आवश्यक आहे. अख्खे काजू, पाकळी आणि तुकडा एकत्र भाजले तर तुकडा करपेपर्यंत अख्खा काजू भाजून होत नाही. कोकणात किंवा गोव्यात गावाकडून आलेल्या अख्ख्या, कवचासह असलेल्या बिया घरातल्या गॅसवर भाजण्याच्या फंदात मात्र पडू नये. कवचातले तेल इतके दाहक असते की हातावर फोड येतात आणि त्याचा धूरही डोळ्यांना व श्वासाला त्रास देतो. ते काम मोकळ्या आवारात आणि सवयीच्या हातांनीच व्हावे.

आता चवीकडे वळू. चव दाण्याला लावण्याच्या तीन वेळा आहेत: भाजण्यापूर्वी, भाजून झाल्या झाल्या, आणि दाण्यावर वेगळे कवच चढवून. कोणता पदार्थ कोणत्या वेळी लावायचा हे त्या पदार्थाचा पाण्याशी, तेलाशी आणि उष्णतेशी कसा व्यवहार आहे यावर ठरते.

भाजण्यापूर्वीची वेळ मिठाची. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणे परततो तेव्हा वाळू दाण्याला चारही बाजूंनी उष्णता देते, म्हणून ते इतके सारखे भाजले जातात. घरी वाळूऐवजी जाडे मीठ वापरता येते. मीठ 801 अंशांना वितळते, त्यामुळे चुलीवर त्याचे काही बिघडत नाही आणि तेच मीठ गाळून पुन्हापुन्हा वापरता येते. पण असे मिठात भाजलेले दाणे खारट होतील अशी अपेक्षा असेल तर निराशा होते, कारण कोरडे मीठ कोरड्या दाण्यात शिरत नाही. फार तर सालीला थोडे चिकटते. मिठाला आत जायला पाण्याचे वाहन लागते. गुजरातमधील भरूचची खारी सिंग किंवा आपल्याकडे जत्रेत मिळणारे खारे दाणे आतपर्यंत खारट लागतात, ते भाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात मुरलेले असतात म्हणून. घरी पाव किलो दाण्यांसाठी अर्धी वाटी गरम पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवावे, त्यात दाणे 15 ते 20 मिनिटे ठेवावेत, निथळून घ्यावेत आणि फडक्यावर किमान तासभर सुकू द्यावेत. हा तासभर वाचवण्याचा प्रयत्न केला की दाणे कढईत आधी शिजतात आणि मग भाजले जातात, आणि त्यांची साल जागोजागी सुरकुतते. सुकल्यावरही त्यांत नेहमीपेक्षा जास्त पाणी असते, तेव्हा भाजायला पाच-सात मिनिटे अधिक धरावीत. पाणी आपण येथे मुद्दाम आत घातले आहे आणि ते पूर्ण बाहेर काढण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

मसाल्याची वेळ याच्या नेमकी उलट, भाजून झाल्यावरची. तिखटाचा लाल रंग आणि हळदीचा पिवळा रंग यांना कोरडी उष्णता सोसत नाही; दाण्यांबरोबर दहा मिनिटे परतलेले तिखट काळपट होते, कडवट लागते आणि घरभर खकाणा उठतो तो वेगळाच. म्हणून आच बंद करून, दाणे हाताला चटका बसेल इतके गरम असतानाच मसाला टाकावा. पण नुसता टाकून तो चिकटत नाही, कारण भाजलेल्या दाण्याचा पृष्ठभाग कोरडा असतो. मसाला धरून ठेवायला पातळ थर लागतो, आणि तो थर पाण्याचा असून चालत नाही. पाव किलो दाण्यांना एक चहाचा चमचा तेल पुरते. दोन चमचे घातले तर मसाला अधिक चिकटेल असे वाटते, पण प्रत्यक्षात दाणे तेलकट होतात आणि मसाला दाण्यांपेक्षा बोटांना जास्त लागतो. तेल आधी आणि मसाला नंतर हा क्रम पाळावा. म्हणजे तेल दाण्यांवर सारखे पसरते आणि तिखटाचा रंग व तिखटपणा, जे दोन्ही तेलात विरघळतात, प्रत्येक दाण्यावर पोहोचतात. काजूवर खोबरेल तेल वापरून पाहण्यासारखे आहे. ते सुमारे 24 अंशांखाली थिजते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत काजूवरचा थर घट्ट बसतो आणि हाताला तेल लागत नाही. मिरपूड आणि तळून चुरलेला कढीपत्ता त्याच्याबरोबर छान जातो.

मीठ मात्र तेलात विरघळत नाही. ते दाण्यावर केवळ चिकटून राहू शकते आणि खडा जितका मोठा तितका तो लवकर गळून पडतो. डब्याच्या तळाशी जे मीठ सापडते ते बहुधा नेहमीच्या दाणेदार मिठाचेच असते. त्याला मिक्सरमधून एकदा फिरवून पिठीसाखरेसारखे केले की ते चिकटते, आणि जिभेवर लगेच विरघळत असल्यामुळे कमी प्रमाणातही पुरेसे खारट लागते. पाव किलोला पाऊण चमचा, म्हणजे सुमारे 4 ग्रॅम, बारीक मीठ पुष्कळ झाले. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, दाण्यांतून मग अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस करते आणि आपल्या आमटी-भाजी-लोणच्यांतून तेवढे सहज होते, हे लक्षात घेता खाऊच्या डब्यात मीठ आवरते घेतलेले चांगले. चाट मसाला वापरणार असाल तर वेगळे मीठ जवळजवळ लागतच नाही, कारण त्यात ते भरपूर असते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर सगळ्याच गोष्टींवर चाट मसाला भुरभुरण्याची सवय सोडण्यासारखी आहे. मग प्रत्येक पदार्थ सारखाच लागतो.

आंबटपणा हा घरच्या मसाला दाण्यांतला सर्वांत अवघड भाग. लिंबू पिळलेले दाणे पाच मिनिटे सुरेख लागतात आणि अर्ध्या तासात मऊ पडतात. ताटात वाढून लगेच संपवायचे असतील, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर पडणार असेल, तर लिंबाला पर्याय नाही. पण डब्यात भरायचे असतील तर आंबटपणा कोरडाच हवा: आमचूर, सुकवलेल्या कोकमाची बारीक पूड, किंवा चिमूटभर लिंबूसत्त्व. लसणाचेही असेच आहे. ओला ठेचलेला लसूण गरम दाण्यांवर टाकला की त्यातले पाणी दाण्यांत उतरते आणि वर तो दोन दिवसांत वासही बदलतो. लसणाचे पातळ काप तेलात मंद आचेवर, बदामी आणि कडक होईपर्यंत तळावेत, निथळून चुरावेत, आणि तेच लसणाचा वास लागलेले चमचाभर तेल दाण्यांवर घ्यावे. एकाच कृतीत लसूण कोरडा होतो आणि मसाला चिकटवणारा थरही तयार होतो.

आपल्या घरच्या मसाल्यांपैकी कोणता दाण्यांवर चालेल हेही याच कसोटीवर ठरवता येते. कोल्हापूर-साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला चवीला अप्रतिम असला तरी तो मुळात तेलकट आणि किंचित दमट असतो, त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्यातले खोबरे दाण्यांच्या आधी खवट होण्याचा संभव असतो. तो वापरायचाच असेल तर अगदी मंद आचेवर दोन मिनिटे कोरडा करून, चाळून घ्यावा आणि दाणे आठवड्याभरात संपवावेत. गोडा मसाला त्यामानाने बरा, पण त्यातही खोबरे आणि तीळ असतातच. याउलट मेतकूट या कामासाठीच बनवल्यासारखे आहे. भाजलेल्या डाळींचे ते पीठ अतिशय बारीक आणि पूर्ण कोरडे असते, त्यात हिंग, हळद, मेथी, सुंठ यांची चव आधीच मुरलेली असते आणि चमचाभर साजूक तुपाने ओलावलेल्या गरम काजूंवर ते मखमली थरासारखे बसते. तिखट न खाणाऱ्यांसाठी याहून चांगला मसाला काजू मला तरी माहीत नाही.

ज्यांना दाण्यांवर तेल अजिबात नको त्यांच्यासाठी डिंक आहे. खारवलेल्या किंवा मसाला लावलेल्या कोरड्या दाण्यांच्या कारखान्यांत बाभूळवर्गीय झाडांचा डिंक चिकटवण्यासाठी वापरला जातो, आणि लाडवांसाठी आणलेला डिंक घरात असतोच. चमचाभर डिंकाची पूड दोन मोठे चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळावी, हे पाणी अर्धवट भाजलेल्या दाण्यांवर चोळावे, त्यावर बारीक मीठ व न करपणारे मसाले टाकावेत आणि उरलेले भाजणे मंद आचेवर पूर्ण करावे. येथे पाणी वापरले असले तरी त्याच्यामागून उष्णता येणार आहे, म्हणून ते चालते. पाणी भाजण्याच्या आधी किंवा मध्ये कधीही चालते, भाजण्याच्या नंतर कधीच नाही, एवढा नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

तिसरा प्रकार कवचाचा. बेसनाच्या आवरणातले मसाला शेंगदाणे करताना पाव किलो कच्च्या दाण्यांना अर्धी वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, तिखट, मीठ, हळद आणि हिंग लागतो. तांदळाच्या पिठामुळे आवरणाला कडकपणा येतो. येथे चूक होते ती पीठ भिजवण्यात. भज्यांसारखे पीठ कालवून त्यात दाणे बुडवले तर त्यांचे गोळे होतात आणि जाड आवरणाखाली दाणा कच्चा राहतो. दाण्यांवर पाण्याचा हबका मारावा, कोरडे मिश्रण थोडेसे भुरभुरावे, परात गोल हलवावी, पुन्हा हबका, पुन्हा पीठ, असे तीन-चार फेऱ्यांत आवरण चढवावे. सगळे मिळून दोन-तीन मोठ्या चमच्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही. मध्यम तापलेल्या तेलात ते तळताना सुरुवातीला जोरात बुडबुडे येतात; ते आवरणातून आणि दाण्यातून निघणारी वाफ असते. बुडबुडे कमी होऊन आवाज मंदावला की पाणी संपत आले असे समजावे. एअर फ्रायरमध्ये तेलाचा हात लावून 160 ते 170 अंशांवर साधारण 12 ते 15 मिनिटांत तेच काम होते, फक्त आवरण थोडे फिके आणि कोरडे राहते.

गोड कवचासाठी साखर आणि गूळ यांत निवड करावी लागते आणि ती केवळ चवीची नसते. साखरेचा पाक भाजलेल्या दाण्यांसह सतत ढवळत राहिले की पाणी आटते, साखर पुन्हा स्फटिकरूप होते आणि दाण्यांवर पांढरा, खरखरीत, कोरडा थर बसतो. पाव किलोला पाव वाटी साखर आणि दोन मोठे चमचे पाणी एवढे प्रमाण पुरे. संक्रांतीच्या काटेरी हलव्यातही पातळ पाक तिळावर थोडाथोडा सोडत, मंद आचेवर साखरेचे स्फटिक वाढवण्याचेच काम असते. तेथे ते तासन्‌तास चालते एवढेच. गुळाने असा कोरडा थर मिळत नाही. गुळात साध्या साखरेखेरीज ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, ते साखरेचे स्फटिक जमू देत नाहीत आणि हवेतले पाणीही ओढून घेतात. म्हणून गुळाचे दाणे करायचे तर पाक लोणावळ्याच्या चिक्कीसारखा शेवटपर्यंत न्यावा लागतो: थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची कडक गोळी व्हावी आणि ती ताटात टाकल्यावर टणकन वाजावी. या वेळी पाकाचे तापमान 150 अंशांच्या आसपास असते आणि त्यात पाणी जेमतेम एखादा टक्का उरलेले असते. पाक त्याआधी उतरवला तर दाणे दाताला चिकटतात, आणि पावसाळ्यात एकमेकांनाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर साठवणीबद्दल सांगणे भाग आहे. स्वच्छ, शुद्ध मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी शोषून ओले होते. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते त्याहूनही आधी पाझरते. जून ते सप्टेंबरमध्ये कोकण किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या पुढेच असते. त्यामुळे मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये खारे दाणे उघड्या वाटीत ठेवले तर दोष भाजणाऱ्याचा नसतो. त्या दिवसांत थोडेथोडेच भाजावे, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावे आणि डबा शक्यतो काठोकाठ भरलेला असावा. कोमट दाणे भरले तर झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ जमते आणि तेच पाणी खाली ठिबकते.

भाजलेल्या दाण्यांचा दुसरा शत्रू म्हणजे खवटपणा, आणि तो पाण्यामुळे नव्हे तर प्राणवायूमुळे येतो. भाजताना दाण्याच्या पेशींची रचना तुटते, तेल बाहेरच्या हवेच्या संपर्कात येते आणि त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते. म्हणूनच भाजलेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षा लवकर खवट होतात. प्रकाश आणि उष्णता या क्रियेला वेग देतात, तेव्हा गॅसशेजारच्या फळीवरची काचेची बरणी दिसायला कितीही छान असली तरी ती जागा वाईटच. अक्रोडातले बरेचसे तेल सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या प्रकारचे असते, म्हणून भाजलेला अक्रोड आठवडाभरात संपवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. शेंगदाणे व काजू चांगल्या हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे नीट राहतात. फ्रीजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर लगेच दव धरते.

भाजण्याआधी दाणे निवडून घेणे हे कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये. सुरकुतलेले, काळसर-हिरवट डाग असलेले, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत. अशा दाण्यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, आणि ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेले आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीचा शोध घेताना हे विष प्रथम ओळखले गेले. भाजल्याने ते काही अंशी कमी होते, पण नाहीसे होत नाही. मसाल्याने फक्त अशा दाण्यांची कडवट चव झाकली जाते. शेंगदाण्याची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही भाजण्याचा काही उपयोग होत नाही. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे. त्यांना कूट किंवा लाडू द्यावा.

डब्यातले दाणे आठवड्याने मऊ लागले तर ते सादळले आहेत की खवट झाले आहेत हे आधी वासावरून ठरवावे. नुसते सादळलेले असतील तर 120 ते 130 अंशांवर ओव्हनमध्ये, किंवा कढईत अगदी मंद आचेवर, पाच-सात मिनिटे फिरवून परातीत गार केल्यास ते पुन्हा कुरकुरीत होतात; वर तिखट असेल तर आच आणखी मंद ठेवावी. जुन्या रंगासारखा किंवा बंद पेटीतल्या तेलासारखा वास येत असेल तर मात्र कोणतीही आच त्यांना परत आणू शकत नाही. असे दाणे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचे कूट करून कोशिंबिरीत किंवा साबुदाण्याच्या खिचडीत ढकलण्याचा मोह अनेक घरांत होतो, आणि मग दाण्यांबरोबर खिचडीही टाकावी लागते.